महान ते खांबोरा: कोरड्या काटेपूर्णेत सोडलेल्या पाण्याचा हिशेब

अकोला जिल्ह्यातल्या महान गावच्या धरणातून काटेपूर्णा नदीत पाणी सोडल्याची बातमी आमच्याकडे पाण्याच्या आधी येते. महानकडून कोणी मोटारसायकलवर येतो, टपरीवर चहाला थांबतो आणि सांगतो, सुटलं. तेवढ्यावर काठच्या गावांत हालचाल सुरू होते. कोणी नदीत टाकलेले पाइप ओढून वर घेतो, कोणी उलट नवे पाइप खाली नेतो. बाया गोधड्यांची गाठोडी बांधून ठेवतात. पोरे कोरड्या पात्रात रेतीवर जाऊन बसतात.

पाणी मात्र लवकर येत नाही. एक रात्र जाते, दुसरा दिवस उजाडतो. सोडलेले पाणी गेले कुठे, यावर टपरीवर वाद पेटतो. कोणी वरच्या गावांवर आळ घेतो, कोणी सोडणाऱ्यांवर. दोन्हींत थोडे तथ्य असेलही. पण या वादात नदीचे नाव कोणी घेत नाही. सगळे धरून चालतात की काटेपूर्णा म्हणजे महानचे धरण आणि खाली खांबोऱ्याचा बंधारा यांच्यामध्ये टाकलेला एक मोठा पाइप आहे.

मी याच काठचा, शाळेत भूगोल शिकवतो. एका टंचाईच्या मे महिन्यात मी पाण्याच्या तोंडासोबत पात्रातून पायी चाललो. त्या चालण्यात जे दिसले आणि नंतर वहीत जो हिशेब मांडला, तो इथे लिहितो आहे.

आधी नदी

वाशीम जिल्ह्याचे पठार ही पाण्याची वाटणी करणारी जागा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा हा पूर्वेकडचा पसारा. पठाराच्या दक्षिण उतारावरचा पाऊस पैनगंगेला मिळतो आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा फिरत बंगालच्या उपसागरात जातो. उत्तर उतारावरचा पाऊस पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि सुरतेपलीकडे अरबी समुद्रात. एकाच वावराच्या धुऱ्यावर पडलेले दोन थेंब दोन समुद्रांना जातात, हे सांगितले की वर्गातली सगळ्यात मागची पोरेही मान वर करतात.

काटेपूर्णा ही उत्तरेकडे वाहणारी नदी. वाशीम जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात उगम, मग मालेगाव तालुका, मग अकोला जिल्हा. बार्शीटाकळी तालुक्यात महान इथे तिच्यावर धरण आहे. धरणाभोवतीच्या जंगलात काटेपूर्णा अभयारण्य आहे, चौशिंग्यांसाठी ओळखले जाणारे. पुढे अकोला ते मूर्तिजापूर हमरस्ता आणि भुसावळ ते बडनेरा लोहमार्ग ओलांडून ती पूर्णेला मिळते. त्या मार्गावर तिच्याच नावाचे छोटे स्टेशन आहे. गाडीतून जाणाऱ्या बहुतेकांना ही नदी पुलाखालचा दगडगोट्यांचा पट्टा म्हणूनच माहीत असते.

वाशीम समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, अकोला साधारण २८० मीटरवर. एवढी उंची नदी थोड्या अंतरात उतरते. त्यामुळे वरच्या भागात ती घाईची आहे. खाली काळा बसाल्ट, वर हलकी मुरमाड जमीन, त्यामुळे पावसाचे पाणी मुरण्यापेक्षा धावते जास्त. अकोला भागात वर्षाला सरासरी ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मोजक्या दिवसांत. पूर दुपारी येतो आणि दुसऱ्या दिवशी माणसे पात्र ओलांडून वावरात जातात. बसाल्टच्या भेगांत जे थोडे पाणी साठते, ते हिवाळ्यापर्यंत पाझरत नदीला जिवंत ठेवते. फेब्रुवारीत धार तुटते. मग डोह उरतात, मग डबकी, आणि अक्षय तृतीयेपर्यंत पात्र ठणठणीत.

धरणाचा उपयुक्त साठा ८६.३५ दशलक्ष घनमीटर, म्हणजे आठ हजार सहाशे कोटी लिटरच्या वर. अकोला शहर याच पाण्यावर जगते, कालव्यांवरची शेती याच्यावरच. आणि खाली खांबोऱ्याला नदीवर एक उन्नई बंधारा आहे, म्हणजे पाणी अडवून त्याची पातळी उंच करणारा. तिथून ६४ खेड्यांची पाणीपुरवठा योजना पाणी उचलते. टंचाईत महानहून नदीपात्रात पाणी सोडायचे आणि ते खांबोऱ्याला अडवून घ्यायचे, अशी ही रचना.

चौसष्ट गावांना विहिरीचे पाणी का चालत नाही

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न पडतोच, कारण या गावांत विहिरी आहेत, हातपंप आहेत, आणि कित्येकांना पाणीही आहे. पण ते तोंडात घेववत नाही.

पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, आणि मधल्या खचलेल्या खोलगट भागात नद्यांनी आणून टाकलेला गाळ. हा गाळ काही ठिकाणी ३०० मीटरहूनही जाड आहे. माती चिकण, उतार नगण्य, पाण्याला निचरा नाही. पाणी वर चढते, उन्हाने उडते, क्षार मागे राहतात. मिठाचे मूळ कशात, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण निचऱ्याअभावी ते तिथेच कोंडून राहिले, हे जमिनीकडे पाहूनच कळते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने या पट्ट्यातली ९३२ गावे वेगळी धरली होती, त्यावरून पसारा लक्षात यावा.

या पट्ट्यात गोडे पाणी वरून येते. पावसाचे, नाहीतर नदीचे. डोंगरातून गोडे पाणी घेऊन खाऱ्या जमिनीत शिरणाऱ्या काटेपूर्णा, मोर्णा, मन, निर्गुणा या छोट्या नद्यांची किंमत त्यांच्या लांबीवरून करता येत नाही. काठच्या विहिरींचे पाणी आतल्या विहिरींपेक्षा बरे असते, हे आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना पक्के ठाऊक आहे. कारण साधे. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, ते वर तरंगते. नदीतून झिरपलेले पाणी काठाच्या मातीत खाऱ्या पाण्यावर सायीसारखे बसते. हळू उपसा केला तर साय हाती येते. मोठी मोटार लावली की खालचे खारे पाणी वर ओढले जाते आणि विहीर बिघडते ती कायमची.

पाण्याच्या तोंडासोबत

आता त्या मे महिन्यातल्या चालण्याकडे येतो. पहाटे पाच वाजता मला पाण्याचे तोंड गाठता आले. त्याच्या आधी आवाज येतो, अशी माझी कल्पना होती. आवाज नव्हता. रेतीवर एक काळपट ओली जीभ पुढे सरकत होती, तिच्या कडेला फेस, वाळकी पाने, काड्या, मुंग्यांचे पुंजके. पुढे बगळे. ते पाण्यासोबत चालत होते आणि रेतीतून जीव वाचवायला वर येणारे किडे टिपत होते.

सपाट रेतीत पाणी माझ्या चालीपेक्षा बरेच हळू सरकत होते. हाताने रेती उकरली तर जिभेच्या पुढेही वीतभर खाली ओल लागत होती. म्हणजे वर दिसणारे पाणी थोडे, रेतीत आत चाललेले जास्त. जिथे खडक उघडा होता तिथे तेच पाणी खळाळत पळे आणि मला भराभर पाय उचलावे लागत. पुढे रेती लागली की पुन्हा मुंगीची चाल. बेशरम नावाच्या झुडपांच्या जाळीत ते पसरे, दोन-तीन फाटे होत, त्यांतला एखादा काठाच्या खळग्यात जाऊन मरे.

मग पहिला खड्डा आला. रेती उपसून झालेला, दोन पुरुष खोल, काठ उभे कापलेले. पाण्याचे तोंड त्या काठावर आले, आत पडू लागले, आणि थांबले. पुढे जाणे बंद. मी बाभळीखाली बसलो. ऊन चढले, बगळे निघून गेले, भाकरी खाऊन झाली, आणि खड्डा अजून निम्मासुद्धा भरला नव्हता. तो भरून पाणी पलीकडच्या काठावरून सांडेपर्यंत मावळत आली होती. पुढच्या वळणावर तसेच आणखी दोन खड्डे होते, हे मला माहीत होते. पाण्याला माहीत नव्हते.

तो दिवस मी विसरू शकत नाही. तोपर्यंत मीही टपरीवर इतरांसारखाच बोलत होतो.

वहीतला हिशेब

खालचे आकडे मोजणीचे नाहीत, गणितासाठी धरलेले आहेत. शाळेत फळ्यावर मांडतो तसे. आपापल्या नदीसाठी ते बदलून पाहता येतील.

धरू की ओले होणारे पात्र १० मीटर रुंद आहे, रेतीचा कोरडा थर १ मीटर जाड, आणि रेतीत पाणी मावेल अशी मोकळी जागा २० टक्के. एक किलोमीटर पात्राला लागणारे पाणी २,००० घनमीटर, म्हणजे वीस लाख लिटर. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर हा जल जीवन मिशनचा निकष धरला, तर एक किलोमीटर रेतीची तहान ही छत्तीस हजार माणसांच्या एका दिवसाच्या पाण्याइतकी होते.

बाष्पीभवन किती? मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा उघड्या पाण्यावरून दिवसाला १० मिलिमीटर उडते असे धरू. एक किलोमीटरला १०० घनमीटर. लोक उन्हाला दोष देतात, पण रेतीच्या मानाने ऊन फारच थोडे पिते.

खड्डा ५० मीटर लांब, २० मीटर रुंद, ३ मीटर खोल धरला तर ३,००० घनमीटर. एकच खड्डा, आणि तो दीड किलोमीटर रेतीएवढे पाणी घेऊन बसतो. पाच अश्वशक्तीची मोटार सेकंदाला ८ लिटर उचलते आणि वीज आठ तास असते असे धरले, तर एका मोटारीचे दिवसाला २३० घनमीटर.

आता सगळे एकत्र. पात्र २० किलोमीटर, खड्डे दहा, मोटारी शंभर. रेतीला ४०,००० घनमीटर, खड्ड्यांना ३०,०००. ही ७०,००० घनमीटरची भरती झाल्याशिवाय बंधाऱ्याला थेंब मिळणार नाही. शिवाय रोज बाष्पीभवनाला २,००० आणि मोटारींना २३,००० द्यायचे.

सेकंदाला ५०० लिटर सोडले तर दिवसाला ४३,२०० घनमीटर होतात. मोटारी बंद असतील तर पाणी पावणेदोन दिवसांत पोहोचते. मोटारी चालू असतील तर जवळपास चार दिवस लागतात, आणि तोवर १,६६,००० घनमीटर सुटून गेलेले असते.

पाणी कमी आहे म्हणून काटकसर केली आणि निम्मेच, २५० लिटर सोडले, तर? दिवसाला २१,६००. रोजचा खर्च २५,०००. पाणी कधीच पोहोचत नाही. धरण रिकामे होत राहील, काठचे लोक पाणी आल्याचे सांगतील, आणि बंधारा कोरडा राहील.

आणि दुप्पट, १,००० लिटर सोडले तर? दिवसाला ८६,४००, त्यातून २५,००० वजा. पाणी सव्वा दिवसाच्या आत पोहोचते आणि तोवर एक लाख घनमीटरही खर्च झालेले नसते. जास्त सोडल्याने कमी वाया जाते. हे उत्तर पहिल्यांदा आले तेव्हा मी तीनदा पडताळून पाहिले, कारण घरात पाणी कमी असेल तर नळ बारीक सोडावा हीच आपली सवय. कोरड्या नदीत ती सवय उलटी पडते.

याला एक अडचण आहे, ती लपवत नाही. बंधारा लहान असतो, मोठा लोंढा त्यात मावत नाही, उरलेले खाली जाते. ६४ गावांत सरासरी दोन हजार माणसे धरली तर दिवसाची गरज सात हजार घनमीटर होते. एवढीच बारीक धार रोज हवी आणि ती नदीतून पोहोचत नाही, हा खरा पेच आहे. निदान दोन गोष्टी तरी त्यातून सुटतात. आवर्तन, म्हणजे एका वेळची पाण्याची सोडणी, थोडक्या दिवसांचे आणि जोरदार असावे. आणि दोन आवर्तनांत रेती पूर्ण वाळेल एवढे अंतर पडू देऊ नये, नाहीतर रेतीची चाळीस हजार घनमीटरची पट्टी दर वेळी नव्याने भरावी लागते.

बंधाऱ्याखाली गेलेल्या पाण्याला मी वाया म्हणणार नाही. ते खाऱ्या पट्ट्यात शिरते, तिथल्या काठाला साय धरते.

सगळी तहान सारखी नाही

हिशेबात रेती, खड्डा, मोटार आणि ऊन एकाच रकान्यात येतात. नदीवर मात्र त्यांची जात वेगळी आहे.

रेतीने घेतलेले पाणी रेतीतच असते. आवर्तन बंद झाल्यावर आठ-पंधरा दिवस बाया पात्रात झिरे उकरतात. हातभर खोल, वर काट्यांची राखण, वाटीवाटीने भरायचे. रेतीतून गाळून आलेले ते पाणी डबक्यातल्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगले. त्याच्यावर ऊन पोहोचत नाही. गुरे, शेळ्या, काठच्या विहिरी, सगळ्यांना त्यातून वाटा मिळतो. रेती हीच आमच्या गावांची जमिनीखालची टाकी.

खड्ड्याने घेतलेले पाणी उघडे पडून राहते, हिरवे होते, म्हशी त्यात लोळतात, आणि उन्हाने रोज थोडे उडत राहते. शिवाय उभ्या कापलेल्या काठांचे असे खड्डे पोरांसाठी जीवघेणे असतात. पोहायला गेलेली मुले परत न आल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येतात. मी शिक्षक आहे. ती बातमी वाचताना माझ्या वर्गातले चेहरे डोळ्यांपुढे येतात.

म्हणून रेतीउपशाचा प्रश्न महसूल बुडतो एवढाच मांडला जातो, त्याचे मला वाईट वाटते. एक किलोमीटर रेती नेली म्हणजे वीस लाख लिटरची टाकी फोडली, आणि तिच्या जागी पाणी अडवून धरणारा खड्डा ठेवला. वरच्या गावांची टाकी गेली, खालच्या गावांकडे जाणाऱ्या पाण्याचा रस्ताही अडला.

मोटारीबद्दल मात्र मला कठोर बोलता येत नाही. मे महिन्यात नदीत पाइप टाकणारा कास्तकार सहसा संत्र्याची किंवा लिंबाची झाडे जगवत असतो. झाड एकदा वाळले की पाच-सात वर्षांची मेहनत गेली. पिण्याचे पाणी पहिले, हा क्रम त्यालाही मान्य आहे. पाणी कोणत्या दिवशी येणार, किती दिवस चालणार, आणि नंतर त्याच्या वाट्याला काही येणार की नाही, हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून तो दिसेल ते उचलतो. आवर्तनाच्या दोन दिवसांपुरती काठच्या फीडरची वीज बंद ठेवणे हा उपाय टंचाईत वापरला जातो, आणि वरचा हिशेब पाहता तो बरोबर आहे. पण तिसऱ्या दिवशी, बंधारा भरल्यावर, ठरावीक तास काठाला द्यावेत. आधी सांगून द्यावेत. मग पहिल्या रात्री चोरून पाइप टाकायची घाई उरणार नाही.

नदी टाळून महानहून थेट बंद नळाने पाणी न्यावे, असे पुष्कळ जण म्हणतात. पिण्याच्या पाण्यासाठी मलाही तेच पटते. सात हजार घनमीटरसाठी रोज २५ हजार घनमीटर पाण्याचा खर्च कोणी करू नये. मात्र नळ झाला की नदीत पाणी सोडायचे कारणच संपेल, ही भीती खरी आहे. मग झिऱ्यांचे काय, काठच्या विहिरींचे काय? वर धरलेल्या आकड्यांनुसार ६४ गावांची चार महिन्यांची गरज धरणाच्या साठ्याच्या एक टक्क्याच्या आसपास येते. तेवढेच आणखी, एक-दीड टक्का, नदीच्या नावाने राखून ठेवावे आणि धार तुटते त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, रेती अजून ओली असतानाच, एकदा जोरात सोडावे. ओल्या रेतीला कमी पाणी लागते आणि मे उजाडेपर्यंत तिच्यात काहीतरी उरते.

खड्ड्यांचे काम त्याच्याही आधीचे. उभे काठ उतरते करून दोन खड्ड्यांमध्ये पाण्याला चर काढून दिला, तर खड्डा पूर्ण भरायची वाट न पाहता धार पुढे सरकेल. आवर्तनाआधी धारेच्या वाटेतली बेशरम काढायला गावातले पंधरा-वीस लोक एक दिवस पुरतात. आम्ही आमच्या हद्दीत ती काढली आहे, ती पुन्हा फुटते, पुन्हा काढावी लागते.

येत्या मार्चमध्ये पात्र वाळले की नववीच्या पोरांना घेऊन धरणाखालून चालत निघायचे ठरवले आहे. सोबत पन्नास मीटरचा दोर, खुणा केलेली काठी आणि वही. प्रत्येक खड्डा मोजायचा, रेतीचा थर जागोजागी सळई रोवून पाहायचा, काठच्या विहिरींचे पाणी चाखून लिहायचे. मी धरलेला २० टक्क्यांचा आकडा एका पोराला पटलेला नाही. तो म्हणतो, घमेल्यात रेती भरून वरून पाणी ओतून पाहू. घमेले त्याच्या घरून यायचे आहे.